फुग्यातनं उतरलेली पाहुणी

२८ डिसेंबर २०२४
नळदुर्ग

अण्णा,

मी नळदुर्गात आहे. वाचून दचकू नकोस, मी गावात येणार नाही. धरणाच्या वरच्या माळावर एका कंपनीनं नाताळच्या सुट्टीपुरते तंबू टाकलेत. त्यातल्या एका तंबूत मी उतरलेय, पर्यटक म्हणून. पहाटे गरम हवेच्या मोठ्या फुग्याला टोपली बांधून माणसांना वर नेतात, सूर्य उगवताना दाखवतात आणि वारं नेईल तिथं खाली उतरवतात. शिवांजलीनं माझ्या वाढदिवसाला हे दिलं. लेक कॅनडात आहे माझी. तू तिला बघितलेलंच नाहीस. फोनवर म्हणाली, "आई, बाबा गेल्यापासून तू घर आणि दुकान सोडून कुठं गेली नाहीस. जा कुठंतरी." राजस्थान, गोवा, कुठंकुठंचे फोटो पाठवले तिनं. त्यात एक नळदुर्गचा होता. मी म्हटलं, हेच घे.

"तुझं गाव तिकडंच आहे ना गं?" तिनं विचारलं.

"गाव नाही, जिल्हा," मी म्हटलं.

नाशिकहून रेल्वेनं सोलापूर आणि तिथून एसटीनं आले. स्टँडवर उतरले तेव्हा पदर डोक्यावरून घेतला होता. नंतर वाटलं, कुणासाठी? एवढ्या वर्षांत मला ओळखणारं कोण राहिलंय? रिक्षावाल्यानं "कुठं सोडू मॅडम?" विचारलं आणि मी पण शहरातल्या बाईसारखं "टेंट सिटी" म्हणाले.

इथला मॅनेजर मुलगा बाहेरचा आहे. दुपारी ताट घेऊन आला आणि समजावून सांगायला लागला, "मॅडम, ये यहाँ का लोकल खाना है. इसको भाकरी बोलते हैं. ज्वार की होती है." मी "अच्छा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? इथली आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग इथं का उतरलात.

तंबूत दोन खाटा आहेत. एकीवर मी झोपणार, दुसरीवर माझी बॅग ठेवलीय. रणधीर असते तर त्यांनी पहिल्यांदा तंबूच्या दोऱ्या ओढून बघितल्या असत्या. ते गेल्याचं तुला कळवलं होतं. पोचलं असेलच.

संध्याकाळी पायलटला विचारलं, फुगा कुठल्या बाजूला जातो. जयपूरकडचा माणूस आहे. म्हणाला, या दिवसांत बहुतेक दक्षिणेकडं, अक्कलकोटच्या अंगाला. मी सहजच विचारलं होतं.

राजी


२९ डिसेंबर २०२४
नळदुर्ग

अण्णा,

आज फुगा उडाला नाही. पहाटे आम्हाला उठवून माळावर नेलं, चहा दिला, पण धुकं एवढं होतं की शेजारचं माणूस दिसत नव्हतं. पायलटनं हात हलवून नाही म्हणून सांगितलं. माझ्याबरोबर पुण्याचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं आहे, ते लई हिरमुसलं. उद्या नेतो म्हणाले.

दिवसभर तंबूत काय करायचं, म्हणून बाजारात गेले. नुसती भाजीच भाजी. मेथी, चुका, पालक, कांद्याची पात, ओल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे. बायका पिशव्या भरभरून नेत होत्या. उद्या येळवस, नाशकात जिला वेळ अमावास्या म्हणून समजावून सांगावं लागतं, रानात पूजा करून येईल त्याला जेवू घालायचा दिवस. मला ते माहीत होतं, अण्णा. तारीख घेताना माहीत होतं. काल लिहिताना लपवलं.

आपल्या गावची गौराबाई तिथं भाजी विकायला बसली होती, तिच्याकडं पात घेतली. का घेतली ठाऊक नाही, तंबूत कुठं चूल आहे? ती पैसे घेताना माझ्याकडं बघत राहिली.

"आगं, तू राजी न्हवं? महांतप्पाची भण?"

मला "व्हय" म्हणायला वेळ लागला. तिनं तराजू खाली ठेवला, हात धरून मला पोत्यावर बसवलं. कुंकवाच्या जागी बघितलं आणि काही विचारलं नाही. मीच आईचं विचारलं, अव्वा कशी आहे.

"डोळं गेल्यात की गं तिचं. एका डोळ्यानं न्हायच दिसत, दुसऱ्यानं सावलीवानी. महांतप्पा सोलापूरला न्हेत हुता आधी, आता न्हाय न्हेत. पन चालती-फिरती हाय. उद्या शेतात येणार म्हणून आताच हटून बसलीया."

"माझं नाव काढते?"

गौराबाईनं भाजीवर पाणी शिंपडलं. "त्या घरात तुझं नाव कोन काढनार? पन मी नाशकाहून कोन आलं-गेलं सांगितलं की ती ऐकत बसती."

डोळ्यांचं मला कुणी सांगितलं नाही. अप्पा गेले तेसुद्धा मला तिसऱ्या दिवसानंतर कळलं, तेही तुळजापूरच्या एका मैत्रिणीकडून. अप्पांनी चारचौघांत सांगितलं होतं की आमची राजी मेली, आणि तू त्यांच्या शेजारी उभा होतास. ते गेल्यावर तरी तू एखादी ओळ टाकशील असं मला वाटायचं. मी रणधीरशी लग्न केलं, लिंगायताच्या पोरीनं ईट गावच्या मराठ्याच्या पोराशी. एवढंच केलं. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. दोघांनी मिळून औषधाचं दुकान उभं केलं. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं.

पात इथल्या स्वयंपाक्याला दिली.

राजी


३० डिसेंबर २०२४
नळदुर्ग, संध्याकाळ

अण्णा,

आज सकाळी काय झालं ते तुझ्या बाजूनं तुला माहीत आहे. माझ्या बाजूनं मी सांगते.

उजाडायच्या आत माळावर गेलो. फुगा जमिनीवर पसरला होता, आधी मोठ्या पंख्यानं हवा भरली, मग पायलटनं ज्योत सोडली आणि तो हळूहळू उभा राहिला. टोपलीच्या कडेला पाय ठेवायला भोकं असतात, त्यात पाय देऊन चढायचं. पुण्याच्या मुलीनं मला हात दिला. "काकू, भीती वाटते का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं, आणि खरंच वाटत नव्हती. वर गेल्याचं कळतच नाही. आपण जिथल्या तिथं उभं आहोत आणि जमीनच खाली चाललीय असं वाटतं.

धरणाच्या पाण्यावर वाफ होती. किल्ला दिसला, बोरीचं वळण दिसलं, हायवेवरचे ट्रक काडेपेटीएवढे झाले. मग कर्नाटकाच्या अंगानं सूर्य वर आला आणि सगळी ज्वारी एकदम तांबूस झाली. पुण्याची दोघं एकमेकांना धरून फोटो काढत होती. मला "इकडं बघा काकू" म्हणून माझाही एक काढला. त्या फोटोत मी एकटीच आहे आणि हसतेय.

वर एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. ज्योत बंद केली की एवढी शांतता होते की खालचं सगळं ऐकू येतं. कुत्रं भुंकलेलं, बादली विहिरीत पडलेली, बाई पोराला हाका मारतेय ते. आपण दिसतो ठिपक्याएवढे, पण त्यांचा शब्दन् शब्द कानावर येतो.

वारं दक्षिणेला होतं. ओढा ओळखला, मग मारुतीचं देऊळ, मग आपली चिंच. पायलटनं फुगा खाली आणला होता, झाडांच्या थोडा वर. आपल्या रानात पूजेसाठी कडब्याची कोप, खोपटं उभं होतं, पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना चुना लावलेला होता. त्यापुढं एक माणूस घोंगडी पांघरून उभा होता. तू. अप्पांसारखा दिसतोस आता, चालतोस पण तसाच. मला आधी अप्पाच वाटले, क्षणभर.

तू वर बघितलंस. दोन्ही हात वर केलेस आणि ओरडलास, "ओ पाव्हणं! या खाली! येळवस हाय, जेवाय या!"

पुण्याचा मुलगा हसून ओरडला, "आलो आलो!" पायलटनं हात हलवला. मी टोपलीची कड धरून उभी होते. हाक मारायची होती, तेवढ्यात पायलटनं ज्योत सोडली. फुगा पुढं सरकला, आणि तू बराच वेळ वर बघत उभा होतास, लहानपणी विमान गेलं की बघायचास तसा.

पुढच्या पडीक रानात उतरलो. टोपली एकदा आपटली, आडवी झाली, सगळे एकमेकांवर पडलो आणि हसलो. पोरंबाळं धावत आली. कंपनीची जीप आली, नाश्त्याला चला म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही जा, मला जेवायला बोलावलंय.

"किसने?" पायलटनं विचारलं.

"त्या शेतातल्यांनी."

त्याला पटलं नाही, पण फोन नंबर घेऊन गेला.

मी बांधाबांधानं आले. वाट अजून तीच आहे, फक्त ओढ्यावर पूल झालाय. पावलापावलाला वाटत होतं की मागं फिरावं. कोपीपाशी आले तेव्हा तू आंबिलीचं मडकं खाली ठेवत होतास. सरळ झालास आणि मला बघितलंस. मी काहीतरी ठरवून आले होते बोलायचं. ते गेलं. मी एवढंच म्हणाले, "फुग्यातनं आले. तुम्ही बोलावलंत."

तुला मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं, अण्णा.

वैनी उभी राहिली. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तुझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगू शकत नाही, कारण तू लगेच मान खाली घातलीस. मला वाटलं, आता जा म्हणशील. मग कोपीतून अव्वाचा आवाज आला, "यारू?" आपल्या घरच्या कन्नडात, कोण आहे.

तू मडक्याचं तोंड फडक्यानं झाकलंस. मग म्हणालास, "पाव्हण्या हायत अव्वा. त्या फुग्यातनं उतरल्यात."

"बा, कुंद्र," अव्वा म्हणाली. ये, बस. बाहेरगावचं माणूस म्हटल्यावर मग मराठीत म्हणाली, "बसा बाई. येळवशीचं कुणी उपाशी जाऊ नये. शिवम्मा, पान मांड."

मी तिच्यासमोर बसले. किती लहान झालीय रे ती. वैनीनं शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, खीर वाढली, आणि ती खीर थोडी पानाबाहेर सांडली. तू पाठ करून कडबा नीट करत राहिलास. तो कडबा नीटच होता.

"गाव कुठलं बाई तुमचं?" अव्वानं विचारलं.

मी तुझ्या पाठीकडं बघितलं. "नाशिक," म्हटलं.

"माझी लेक ऱ्हाती नाशकात. औषधाचं दुकान हाय तिचं. वळखता का?"

तुझे हात थांबले तेवढे मला दिसले.

"ओळखते," मी म्हटलं.

"बरी हाय का?"

"बरी आहे."

"एकटीच आसंल आता."

"लेक आहे तिला. शिकायला परदेशात गेलीय."

"आन् खाती-पिती का येळंला?"

"खाते."

अव्वानं मान हलवली. मग म्हणाली, "शिवम्मा, भज्जी वाढ आनखी ह्यास्नी. लाजू नगा बाई. तुमी खाल्लं तर तिला पोचल."

मी खाल्लं. पानातलं सगळं खाल्लं. तू कडबा सोडून बांधाकडं गेलास, तिथंच उभा राहिलास. जेवण झाल्यावर वैनी म्हणाली, मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडतील. तू गाडी काढलीस. तू गाडीला किक मारत होतास तेव्हा मी अव्वाच्या पाया पडायला वाकले. पुढचं तुला माहीत नाही.

तिनं माझं मनगट धरलं. सोडलं नाही. तोंड माझ्या कानाशी आणलं आणि म्हणाली, "राजी, आवाज बसलाय तुझा. सुंठ घालून काढा घे." आणि मग, "त्याच्यावर रागावू नगं. त्यानं पाव्हणी म्हटलं, म्हणून म्याबी म्हटलं."

तिला पहिल्या शब्दालाच कळलं होतं, अण्णा. तुझा शब्द पडू नये म्हणून तिनं पोटच्या पोरीला तुमी म्हटलं.

फाट्यापर्यंतचा रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा होता. मी तुझ्या खांद्याला हात लावला नाही, मागची कडी धरून बसले. उतरल्यावर तू म्हणालास, "येळवशीला वाटसरूलाबी बोलवत्यात." एवढंच. आणि गाडी वळवलीस.

राजी


३१ डिसेंबर २०२४
नळदुर्ग

अण्णा,

तुझं कालचं वाक्य घेऊन मी रात्र काढली. वाटसरूलाबी बोलवत्यात. म्हणजे मी वाटसरू, म्हणून वाढलं. खरं आहे. तू रीत पाळलीस, माझा अपमान केला नाहीस. दुसऱ्या कुणी हाकलूनही दिलं असतं.

आज दुपारच्या गाडीनं सोलापूर आणि तिथून नाशिक, असं ठरलं होतं. बॅग भरली होती. मॅनेजर मुलगा तंबू रिकामा करायला आला, विचारलं, "कैसा लगा मॅडम हमारा एरिया?" आणि मला त्याचा काही दोष नसताना राग आला. मी त्याला मराठीत म्हटलं, "हा माझा एरिया आहे. मी इथलीच आहे." त्याला नीट कळलं नाही, पण मी दोन-तीनदा म्हटलं. मग अजून एक दिवस तंबू मागून घेतला.

उद्या येळवस नाही. कुठला सण नाही, कुणाचं लग्न नाही. मी उद्या दुपारच्या एसटीनं येते. वाटसरू म्हणून नाही, अव्वाची लेक म्हणून तिला भेटायला येते. तुला चालणार नसेल तर दार लावून घे. मी दार वाजवणार नाही, ओट्यावर बसणार नाही, गावात कुणाला काही सांगणार नाही. आल्या गाडीनं परत जाईन. पण त्यानंतर पत्र लिहिणार नाही.

ही चारी पत्रं एकदम गौराबाईच्या हाती देते. संध्याकाळी तुला मिळतील.

राजी


४ जानेवारी २०२५
नाशिक

अण्णा,

मी पोचले. आज दुकान उघडलं, सगळ्या कप्प्यांवर धूळ बसली होती.

त्या दिवशी एसटीतून उतरले आणि देवळापासून आपल्या आळीपर्यंत मान वर केली नाही. बायका ओट्यावर होत्या. कुणी हाक मारली नाही, कुणी तोंडही फिरवलं नाही. कोपऱ्यावर आले आणि बघितलं. दार उघडं होतं. दोन्ही फळ्या सताड.

तू घरात नव्हतास. वैनी म्हणाली, "सकाळीच रानात गेल्यात. जाताना सांगून गेले, आज दार लावू नगं. वाऱ्यानं लागंल म्हणून दगड लावून गेल्यात." दगड मी बघितला. जात्याजवळचा, तुलाच उचलता येईल असा.

मला तेव्हा बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. घरात अप्पांचा फोटो आहे, त्याच्याखाली बसून मी चहा घेतला. अव्वा माझा हात मांडीवर घेऊन दिवसभर कन्नडमधून बोलत होती. शिवांजलीला फोन लावून दिला. अव्वा तिला "कोण गं तू, कुठं असतीस, थंडी लई आसंल" असं विचारत राहिली आणि पोरगी तिकडं रडायला लागली. मला कन्नड शब्द आठवेनात, मधे मधे मराठी घालत होते. अव्वा म्हणाली, विसरलीस. मी म्हटलं, बोलायला कुणी नव्हतं.

तू शेवटच्या एसटीपर्यंत आला नाहीस. मी वाट बघितली, खोटं सांगत नाही. तू कुठल्या रानात असशील ते मला माहीत होतं, चालत आले असते तर भेटलाही असतास. नाही आले. तुला जेवढं जमलं तेवढं तू केलंस, त्याच्यावर आणखी मागायला जाऊन उभं राहावं असं मला वाटलं नाही. गाडीत बसल्यावर लई एकटं वाटलं. तंबूत वाटलं त्याहून जास्त. तेव्हा निदान सगळं दूर होतं.

आता कामाचं. अव्वाचे दवाखान्याचे कागद मी बघितले, तिला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली टिकवता येते. तिचे थेंब मध्येच बंद झाले होते. ते तू मुद्दाम केलं नाहीस, वैनीनं सांगितलं, सोलापूरला नेलं की तिला उलट्या होतात. मी फोनवर तिथल्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी तेच थेंब पुन्हा सुरू करा म्हटलंय, आणि एकदा तपासायला आणा म्हणून सांगितलंय. एक बाटली या पत्राबरोबर पाठवतेय. रोज संध्याकाळी एकेक थेंब, दोन्ही डोळ्यांत. खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, मग थोडा वेळ डोळे मिटून बसवायचं. हे तूच कर, वैनीचा हात हलतो.

बाटली उघडली की महिनाभरच चालते. त्यात औषध उरलेलं दिसलं तरी फेकून द्यायची. महिन्यानं नवी लागेल.

ती मी पोस्टानं पाठवणार नाही.

राजी